गाळाचा हिशेब

गोल्फचा चेंडू ज्या भोकात पाडायचा असतो, त्याचा व्यास १०८ मिलिमीटर. एका मैदानात अशी अठरा भोकं. या अठरांच्या तोंडांचं क्षेत्रफळ एकत्र केलं तर भरतं साधारण १,६५० चौरस सेंटीमीटर, म्हणजे दैनिकाच्या एका पानापेक्षा थोडं कमीच. या पानभर लक्ष्यासाठी जमीन किती लागते? अमेरिकेतलं अठरा होल्सचं मैदान सरासरी दीडशे एकरांचं, म्हणजे साठ हेक्टरांचं असतं. लक्ष्याच्या छत्तीस लाख पट.

एरवी हा आकडा गप्पांत फेकायला बरा. पण त्या साठ हेक्टरांवरून नदी गेली की तोच अंगावर येतो. शेतात पाणी शिरलं तर पीक जातं, जमीन राहते. इथे पीक आणि जमीन या दोन वेगळ्या गोष्टीच नसतात. तीन मिलिमीटर उंचीचं गवत आणि त्याखालची चाळून आणलेली वाळू मिळूनच खेळाची जागा होते. ती बिघडवायला फार मोठा पूर लागत नाही. फार बारीक माती पुरते.

आधी मोठा पूर पाहू.

कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात, कॅलगरीहून पश्चिमेला गाडीने तासाभरावर, रॉकी पर्वतांमधल्या कॅनानास्किस खोऱ्यात एक सार्वजनिक मालकीचं गोल्फ मैदान आहे. रॉबर्ट ट्रेंट जोन्स (थोरले) यांनी आखलेलं, १९८३ साली खुलं झालेलं. अठरा-अठरा होल्सची दोन मैदानं शेजारी शेजारी, एक माउंट किड, दुसरं माउंट लोरेट. समोर दिसणाऱ्या शिखरांचीच नावं. २०१३ च्या जूनमध्ये, १९ तारखेपासून पुढचे दोन दिवस, या डोंगरांवर पाऊस थांबलाच नाही. जवळच्या कॅनमोर गावात ३६ तासांत २२० मिलिमीटरहून जास्त पाणी पडलं.

आंबोली-महाबळेश्वरकडच्या माणसाला हे वाचून हसू येईल. दोनशे वीस मिलिमीटर म्हणजे आपल्याकडे आषाढातला एक बरा दिवस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर मोजले होते. पण कॅनमोरच्या हिशेबात २२० म्हणजे वर्षाच्या पावसाचा जवळपास निम्मा वाटा. शिवाय वरच्या उतारांवर अजून बर्फ होतं, जमीन कुठे गोठलेली, कुठे आधीच भिजून चिंब. पडलेलं पाणी मुरायला जागा नाही, त्यात वितळलेल्या बर्फाची भर. ज्या ओढ्यांनी इतकं पाणी कधी वाहिलं नाही, त्यांचं पात्रही तेवढं नसतं. कोकणातल्या नद्यांना दरवर्षीचा सराव आहे.

आता साठ हेक्टरांच्या एका मैदानावर २२० मिलिमीटर पाऊस पडला असं धरू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, इतका हा सोपा हिशेब. उत्तर येतं १३ कोटी २० लाख लिटर. दहा हजार लिटरचे तेरा हजार दोनशे टँकर. आकडा मोठा वाटतो, पण मैदान यात वाहून जात नाही. हे पाणी त्याच्या स्वतःच्या वाट्याचं आहे, आणि चांगल्या निचऱ्याचं मैदान ते दोन दिवसांत पचवतं. संकट वरून येतं ते शेजाऱ्याच्या वाट्याचं. मैदानाच्या वरच्या अंगाला समजा शंभर चौरस किलोमीटरचं पाणलोट आहे. तेवढ्यावरचा तेवढाच पाऊस होतो २ कोटी २० लाख घनमीटर, म्हणजे पाऊण टीएमसीच्या थोडा वर. खडकवासल्याचा सगळा उपयुक्त साठा दोन टीएमसीच्या आतला. त्यातला चाळीस टक्के दीड दिवसात एका अरुंद खोऱ्यातून सोडून द्यायचा, असं ते चित्र.

आणि ते पाणी वेगाने येतं. वेगाबद्दल जलविज्ञानात एक जुना नियम आहे, तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. वाहतं पाणी जास्तीत जास्त किती वजनाचा दगड हलवू शकतं, हे वेगाच्या सहाव्या घातावर ठरतं. वेग दुप्पट झाला की दगडाचं वजन चौसष्ट पट चालतं. तिप्पट झाला की ७२९ पट. एरवी दोन किलोचा गोटा ढकलणारा ओढा वेग तिपटीवर गेल्यावर दीड टनाचा धोंडा लोटत नेतो. डोंगरातल्या ओढ्यात पुरानंतर आढळणारे ते अवाढव्य धोंडे कुणी आणून टाकले, हा प्रश्न पडतो त्याचं उत्तर या सहाव्या घातात आहे.

कॅनानास्किसमध्ये हेच झालं. इव्हान-थॉमस नावाचा ओढा आणि कॅनानास्किस नदी या दोघांनी मिळून छत्तीसपैकी बत्तीस होल्स बिघडवले. कुठे फेअरवेवर, म्हणजे भोकापर्यंत नेणाऱ्या गवताळ पट्ट्यावर, दगडगोट्यांचा थर बसला, कुठे ओढ्याने स्वतःसाठी नवं पात्र कोरलं आणि जमीनच नेली. त्याच पुरात कॅलगरी परिसरात एक लाखाच्या आसपास लोकांना घरं सोडावी लागली, त्यामुळे गोल्फच्या मैदानाची बातमी आतल्या पानावर गेली, आणि ते योग्यच होतं.

२०१४ साली प्रांतिक सरकारने मैदान पुन्हा उभं करण्यासाठी १ कोटी ८० लाख कॅनडियन डॉलरची योजना जाहीर केली. तेव्हाच्या दराने शंभर कोटी रुपयांच्या आसपास. बिघडलेल्या प्रत्येक होलमागे तीन कोटी. पूरग्रस्तांच्या घरांचे दावे अजून रेंगाळत असताना खेळाच्या मैदानावर सरकारी पैसा कशाला, अशी टीका झाली. मधल्या काळात कामाला स्थगिती मिळाली, फेरविचार झाला, काम पुन्हा सुरू झालं. पूर आला तेव्हापासून मैदान खुलं होईपर्यंत आल्बर्टाने चार मुख्यमंत्री पाहिले. टीका करणाऱ्यांचा क्रमाबद्दलचा मुद्दा मला पटतो. पण मैदान सरकारचंच होतं. तसंच टाकून दिलं असतं तरी ओढ्याचं फुटलेलं पात्र कुणीतरी बांधायलाच हवं होतं.

मैदान पुन्हा खुलं झालं १० मे २०१८ ला. पाच वर्षं. यातला सगळा दोष राजकारणाचा नाही. तिथे गवत वाढायचे महिने मेपासून सप्टेंबरपर्यंतचे, फार तर ऑक्टोबरची सुरुवात. बाकी काळ जमीन बर्फाखाली. तिथली पाच वर्षं म्हणजे गवताच्या कॅलेंडरात जेमतेम दोन.

दगडांचं एक बरं असतं, ते दिसतात. पोकलेन लावून उचलता येतात. खरं डोकं खातो तो दुसऱ्या प्रकारचा पूर. वेग गमावून, थकून मैदानावर पसरणारा.

वेस्ट व्हर्जिनियातलं व्हाइट सल्फर स्प्रिंग्ज हे छोटं गाव आणि तिथलं ग्रीनब्रायर हे जुनं, भव्य हॉटेल. त्याच्या आवारातलं 'ओल्ड व्हाइट' हे मैदान चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्ड आणि सेथ रेनर यांनी बांधलं, १९१४ साली. अमेरिकेच्या गोल्फच्या इतिहासात या दोन नावांना मोठा मान. याच हॉटेलच्या पोटात शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी संसदेसाठी एक लाख बारा हजार चौरस फुटांचा गुप्त तळघर-निवारा बांधला होता. १९९२ मध्ये एका वर्तमानपत्राने तो उघडकीला आणला. अणुबॉम्बपासून वाचायची सोय होती. हॉवर्ड्स क्रीक नावाच्या ओढ्यापासून नव्हती.

२३ जून २०१६ ला या भागात काही ठिकाणी बारा तासांत आठ ते दहा इंच, म्हणजे २०० ते २५० मिलिमीटर पाऊस झाला. राज्यभरात २३ माणसं गेली, त्यातली निम्म्याहून जास्त या एकाच ग्रीनब्रायर काउंटीतली. त्या दिवसाचं एक चित्रीकरण जगभर फिरलं होतं: एक अख्खं घर पेटलेल्या अवस्थेत पुराच्या पाण्यावरून तरंगत चाललं आहे. आजूबाजूला सगळं पाणीच पाणी, आणि घर जळतंय. हॉटेलने आपल्या खोल्या बेघर झालेल्यांसाठी उघडल्या. दोन आठवड्यांवर आलेली, व्यावसायिक गोल्फच्या पीजीए टूरची स्पर्धा रद्द झाली. प्रेक्षकांसाठीचे मांडव तोवर उभे राहिले होते. अशा वेळी गवताबद्दल बोलणं विचित्र वाटतं हे खरं. तरी त्या गावाचा बराचसा रोजगार त्या हॉटेलावर आणि त्या आवारावर होता, त्यामुळे मैदान पुढच्या जुलैच्या आत तयार व्हायला हवं, हा हट्ट काही निव्वळ खेळाडूंचा नव्हता.

पाणी एक-दोन दिवसांत उतरलं. मागे राहिला गाळ.

पाण्यात मिसळलेली माती खाली कशी बसते, याचं गणित आयर्लंडमध्ये जन्मलेल्या जॉर्ज स्टोक्सने एकोणिसाव्या शतकातच मांडून ठेवलं आहे. कणाचा व्यास दहापट कमी झाला की खाली बसायचा वेग शंभरपट कमी होतो. त्या सूत्राने, वीस अंशांच्या निवांत पाण्यात, मिलिमीटरचा दहावा भाग जाडीचा वाळूचा कण एक मीटर खाली यायला दोन मिनिटं घेतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दहा मायक्रॉनच्या गाळाला तेवढ्याच अंतराला तीन तास लागतात. आणि दोन मायक्रॉनच्या चिकणमातीच्या कणाला तीन दिवसांहून जास्त. एक मायक्रॉनचा असेल तर तेरा दिवस. पाणी जितकं थंड तितकं हे आणखी लांबतं.

आता हे मैदानावर आणून बघा. पूर वाहता असतो तोवर वाळू तळाशी पडते, बाकी सगळं पुढे जातं. पाणी साचून राहिलं की आधी जाडसर गाळ बसतो, मग बारीक, आणि सगळ्यात शेवटी, पाणी जवळपास निवळलंय असं वाटत असताना, सर्वांत बारीक चिकणमाती साईसारखी वर येऊन बसते. पाणी जितके दिवस उभं, तितकं हे झाकण पक्कं. म्हणून मैदान राखणाऱ्यांची पहिली धडपड असते ती साचलेलं पाणी पंपाने काढून टाकायची, आणि गाळ ओला आहे तोवर पाण्याच्या फवाऱ्याने, रबरी फाळक्यांनी रेटत बाहेर घालवायची. २०२१ च्या जुलैनंतर ज्यांनी चिपळूणच्या बाजारपेठेत दुकानं धुतली, त्यांना हे वेगळं सांगायला नको. ओला गाळ पाण्याबरोबर निघतो. वाळला की कुदळ लागते.

वजन किती? एका हेक्टरावर एक सेंटीमीटर गाळ म्हणजे शंभर घनमीटर. वाळू-मुरुमाच्या धंद्यातल्या भाषेत पस्तीस ब्रास, आणि ओला असताना सुमारे १७० टन. अठरा होल्सच्या मैदानातल्या सगळ्या ग्रीन्स, म्हणजे भोकांभोवतीच्या त्या गुळगुळीत हिरवळी, मिळून साधारण एक हेक्टर भरतात. तिथे जड यंत्र घालता येत नाही, चाकं रुतून आणखी नासाडी होते. पंधरा किलोच्या घमेल्याने काढायचा म्हटला तर हा गाळ सव्वाअकरा हजारांवर घमेली होतो. साठही हेक्टरांवर तोच एक सेंटीमीटर धरला तर सहा हजार घनमीटर, दहा हजार टन. पाच ब्रासच्या हायवाच्या सव्वाचारशे खेपा. हे झालं एका सेंटीमीटरचं. पुरानंतरचा गाळ इतका बेताचा असेलच असं नाही.

इथे एक गंमत आहे. २०१७ पासून महाराष्ट्र सरकारची 'गाळमुक्त धरण आणि गाळयुक्त शिवार' ही योजना आहे. धरणातला गाळ काढायचा आणि शेतकऱ्याने तो आपल्या शेतात नेऊन पसरायचा. हलक्या, मुरमाड रानात गाळ पडला की ओल धरते, कस येतो. म्हणजे जी गोष्ट शेतकरी ट्रॅक्टर लावून आणतो, तीच गोष्ट गोल्फवाले पैसे मोजून बाहेर फेकतात. पोयटा शेताला हवा तो पाणी धरून ठेवतो म्हणून. ग्रीनला नको तोही नेमका त्याचसाठी.

ग्रीन म्हणजे दिसायला हिरवळ, पण बांधणी पाहिली तर गाळणी. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने, यूएसजीएने, १९६० मध्ये तिच्या बांधणीचे निकष पहिल्यांदा छापले आणि थोड्याफार सुधारणांसह ते आजही जगभर वापरले जातात. तळाला निचऱ्याचे पाइप, एकमेकांपासून पाच मीटरांच्या आत. त्यावर दहा सेंटीमीटर बारीक खडी. त्यावर तीस सेंटीमीटर वाळूचं मिश्रण. ही वाळूही कुठलीही नाही: निदान साठ टक्के कण पाव ते एक मिलिमीटर या मापात बसले पाहिजेत, गाळाचं प्रमाण पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको, चिकणमातीचं तीनपेक्षा जास्त नको. आणि या थरातून तासाला कमीत कमी दीडशे मिलिमीटर पाणी खाली गेलं पाहिजे. सांताक्रूझचे ते ९४४ मिलिमीटर चोवीस तासांत समान वाटून पडले असते, तर अशी ग्रीन कागदोपत्री ते सहज गाळून मोकळी झाली असती.

त्या गाळणीवर चिकणमातीचा पापुद्रा बसला की काय होतं? चिकणमातीतून तासाला जेमतेम एखादा मिलिमीटर पाणी झिरपतं. खालची तीस सेंटीमीटर वाळू कितीही उत्तम असो, वेग ठरवणार तो वरचा पापुद्रा. दीडशेचा एक झाला. तळाशी दोन किलोमीटर पाइप कोरडे पडून असतात आणि वर डबकं.

पुरानंतर मैदानाचा माणूस भोक पाडायचं गोल पातं ग्रीनमध्ये खुपसतो आणि मातीचा दंडगोल बाहेर काढून तळहातावर आडवा धरतो. वर थोडं पिवळटलेलं गवत, खाली बदामी वाळू, आणि दोहोंच्या मध्ये राखाडी रंगाची बोटभर पट्टी. नखाने दाबली की खूण उमटते. गवताची नवी मुळं या पट्टीपर्यंत येतात आणि आडवी वळतात. पट्टीला कुजका, गंधकासारखा वास येत असेल तर खाली हवा पोचत नाही हे उघड. पाण्यातून प्राणवायू पसरतो तो हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट हळू, त्यामुळे मातीतली पोकळी पाण्याने भरली की मुळांचा श्वास जवळपास बंद. थंडीत गवत बुडून काही आठवडे तग धरू शकतं. उन्हाळी, तापलेल्या पाण्यात काही दिवसांत संपतं. ग्रीनब्रायरचा पूर जूनमधला होता.

या बोटभर पट्टीत किती कण असतील, हा हिशेब मी सहज केला आणि मग थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिलो. अर्ध्या मिलिमीटरच्या वाळूचे एका ग्रॅममध्ये सुमारे पावणेसहा हजार दाणे बसतात. दोन मायक्रॉनच्या मातीचे एका ग्रॅममध्ये नऊ हजार कोटी. चिमूटभर चिकणमातीत पृथ्वीवरच्या माणसांच्या दहापट कण. ते वाळूच्या फटींत जाऊन बसले की चाळून काढणं शक्य नाही. म्हणून थर जाड असेल तर दुरुस्तीचा अर्थ एकच उरतो: ग्रीन उकरून काढा आणि पुन्हा बांधा.

ओल्ड व्हाइटवर तेच करावं लागलं. कीथ फॉस्टर या मैदान-रचनाकाराकडे काम आलं, हातात एक वर्षही पुरतं नव्हतं. अशा कामाला माल किती लागतो ते निकषांवरूनच काढता येतं. एक हेक्टर ग्रीन्सना तीस सेंटीमीटर वाळू म्हणजे तीन हजार घनमीटर. एक हजार साठ ब्रास, साडेचार हजार टन, दाणे मोजायचे म्हटले तर सव्वीस लाख कोटी. त्याखाली साडेतीनशे ब्रास खडी. आपल्याकडे घर बांधणारा माणूस चार ब्रास वाळूसाठी किती खेटे घालतो हे आठवलं की या आकड्याची किंमत कळते. आणि पुराआधीचा जुना माल काढून टाकायच्या खेपा वेगळ्या.

वाळू अंथरून झाली की बी. थंड प्रदेशातल्या ग्रीन्सवर क्रीपिंग बेंटग्रास नावाचं गवत असतं आणि त्याचं बी राजगिऱ्यालाही मोठं म्हणावं इतकं बारीक. एका किलोत सुमारे एक कोटी चाळीस लाख. दर चौरस मीटरला पाच ग्रॅम पेरायचं, म्हणजे सबंध हेक्टराला पन्नास किलो. सिमेंटच्या एका पोत्याएवढ्या वजनात सत्तर कोटी बिया, दर दोन भारतीयांमागे एक. चौरस सेंटीमीटरला सात पडतात. पुढे गवत आडवं पसरत, फुटवे काढत तिथे पंधरा-वीस कोंब उभे करतं. हे सगळं व्हायला ऊब लागते, म्हणून बी पडायची वेळ चुकवून चालत नाही. डोंगराळ भागात थंडी लागायच्या आत ते रुजलं नाही तर पुढचा वसंत, आणि मग पुढच्या जुलैची स्पर्धा विसरा.

ती विसरावी लागली नाही. २०१७ च्या जुलैत, पुरानंतर वर्षभरात, त्याच जागी नव्या ग्रीन्सवर स्पर्धा झाली. झँडर शॉफेले हा तेव्हा फारसा कुणाला माहीत नसलेला तेवीस वर्षांचा खेळाडू एका फटक्याने जिंकला. पीजीए टूरवरचं त्याचं पहिलं विजेतेपद. आणखी एक आकडा सांगायलाच हवा. पुराच्या आधी, २०१० मध्ये, स्टुअर्ट ॲपलबीने याच मैदानावर ५९ फटक्यांत फेरी पूर्ण केली होती. व्यावसायिक गोल्फमध्ये साठच्या खाली जाणं हीच बातमी असते. पुरानंतर बांधलेल्या ग्रीन्सवर २०२३ च्या ऑगस्टमध्ये ब्रायसन डीशॅम्बोने ५८ मारले. बांधकाम कसं झालं होतं, याचा याहून चांगला दाखला कंत्राटदाराला मिळणार नाही.

पण बांधून झालं म्हणजे सुटलो असं नाही. ग्रीनवरचं गवत हंगामात जवळपास रोज कापतात, तीन मिलिमीटरवर. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की जेवढी जाडी. हाताने ढकलत न्यायच्या यंत्राची पाती सव्वा हातभर रुंद. पट्ट्यावर पट्टा थोडा चढवत एक हेक्टर कापायचा तर वीस किलोमीटर चालणं होतं. वारीतल्या एका मोठ्या टप्प्याइतकी चाल, रोज, आणि पंढरपूर कधीच येत नाही. हंगाम दोनशे दिवसांचा धरला तर चार हजार किलोमीटर. अर्थात हे चार-पाच जणांत वाटलं जातं.

आणि मग भोकं. चेंडूसाठीची अठरा नव्हेत. पायदळी तुडवून वाळू दबते, त्यात मेलेल्या मुळांचा भुसा साठतो, पुराचा उरलासुरला गाळ असतोच. म्हणून वर्षातून एक-दोनदा यंत्राने ग्रीनभर छिद्रं पाडतात: बोटाएवढी जाड, सात-आठ सेंटीमीटर खोल, पाच-पाच सेंटीमीटरवर एक. चौरस मीटरला चारशे. हेक्टराला चाळीस लाख. एका वेळी पृष्ठभागाचा साडेचार टक्के भाग आणि बारा ब्रासच्या आसपास माल बाहेर येतो, त्या जागी कोरडी, स्वच्छ वाळू झाडूने लोटून भरतात. गाळाची पट्टी पातळ असेल तर ती उकरून काढण्याऐवजी हाच उपाय पुरतो. फक्त धीर हवा, कारण साडेचार-साडेचार टक्क्यांनी एखादा थर निम्मा बदलायला दहा-अकरा वेळा हे करावं लागतं. त्या दिवसांत खेळायला आलेले सभासद कुरकुरतात, चेंडू उड्या मारतो म्हणून.

हे सगळं पुन्हा कधी करावं लागेल? वेस्ट व्हर्जिनियातल्या पावसाला हवामान खात्याने हजार वर्षांतून एकदाचा म्हटलं होतं. त्याचा अर्थ आता ९९९ वर्षं निश्चिंती, असा लावणारे बरेच भेटतात. अर्थ एवढाच की दरवर्षी हजारात एक शक्यता. ओल्ड व्हाइट बांधल्यापासून पुरापर्यंत १०२ वर्षं गेली; एवढ्या काळात हजारात एकची गोष्ट घडायची शक्यता जवळपास दहा टक्के भरते. शंभरात एकचा पूर धरला तर तीस वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के, आणि कॅनानास्किसचं मैदान खुलं होऊन पूर आला तोवर बरोबर तीसच वर्षं झाली होती. जगात गोल्फची ३८ हजारांवर मैदानं आहेत. सगळ्यांना हजारात एक लावलं तरी दरवर्षी सरासरी ३८ मैदानांवर असा दिवस येणार. पूर असे समान वाटून येत नाहीत हे मान्य, पण मैदानं तरी कुठे समान वाटून बांधली आहेत? त्यातली पुष्कळशी मुद्दाम पूरपट्ट्यातच आहेत, कारण ती जमीन स्वस्त मिळते आणि तिथे घरं बांधायला परवानगी नसते.

मैदानवाले यावर एक समर्थन ऐकवतात: आमचं मैदान पूर झेलतं, खालच्या वस्तीला वाचवतं. साठ हेक्टरांवर मीटरभर पाणी तुंबलं तर सहा लाख घनमीटर अडलं, हे खरं. पण वर मोजलेल्या २ कोटी २० लाख घनमीटरांच्या पुरात हे पावणेतीन टक्के होतात. तिथे घरं नव्हती, म्हणून घरं बुडाली नाहीत, हा फायदा मोठा. पूर झेलण्याचं श्रेय मात्र मी फारसं देणार नाही.

म्हणून आता पूरपट्ट्यात मैदान आखताना रचनाकार सगळं वाचवायच्या फंदात पडत नाहीत. पाचशे चौरस मीटरची एक ग्रीन मीटरभर उचलायला, उतारांचा भराव सोडून, पावणेदोनशे ब्रास माती लागते. सगळ्या ग्रीन्सचा मिळून एक हेक्टर धरला तर साडेतीन हजार ब्रास. हे परवडतं, कारण महागाची वाळू, पाइप आणि बी तिथेच आहे. फेअरवेवर साधी माती, साधं गवत, गाळ पडला तरी ते वरून फुटून येतं. तेव्हा एक हेक्टर उचलायचं आणि उरलेली एकोणसाठ हेक्टर नदीला तिच्या मर्जीप्रमाणे वापरू द्यायची.